शब्दशोध, अनेक फाइलींतील
शब्दशोध, अनेक फाइलींतील : टेक्स्ट एडिटरमध्ये एकाच वेळी उघडलेल्या सर्व फाइलींतून इष्ट शब्द शोधण्याची पद्धती. उघडलेल्या प्रत्येक फाइलीची प्रत संगणकाच्या स्मृतीत असते. एडिटर या प्रती क्रमाने तपासून, शब्द आढळेल तेथील फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक यांची यादी देतो. त्यामुळे डिस्कवर अद्याप न साठविलेले फेरफारही शोधात येतात.

या पद्धतीचे पूर्वरूप म्हणजे शब्दसूची. बायबलची पहिली शब्दसूची तेराव्या शतकात पॅरिस येथे डोमिनिकन भिक्षूंनी तयार केली. संगणकावर ‘एड’ या एडिटरमधील शोधाची आज्ञा स्वतंत्र करून केन टॉम्पसन यांनी ‘ग्रेप’ ही आज्ञावली रचली. ती १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत आली. तिच्यायोगे अनेक फाइली एकाच आज्ञेने तपासता येऊ लागल्या. पुढे इमॅक्स, नोटपॅड प्लस प्लस इ. एडिटरांत उघड्या फाइलींपुरता शोध घेण्याची सोय झाली.

हा शोध अर्थाचा नसून चिन्हक्रमाचा असतो, हे मराठीत विशेष लक्षात ठेवावे लागते. नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. ‘नंदुरबार’ व ‘नंदूरबार’ ही संगणकाच्या दृष्टीने भिन्न नावे होत. ‘शहादा’ शोधल्यास ‘शहाद्यात’ सापडत नाही, ‘तळोदा’ शोधल्यास ‘तळोद्याला’ सापडत नाही. म्हणून ‘शहाद’, ‘तळोद’ असे समान अंश शोधणे हितावह ठरते. सातपुड्यातील ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दिसण्यात फरक नसला, तरी चिन्हक्रम वेगळा असतो. युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर तर रूपांतराशिवाय शोधात येतच नाही.

प्रशासकीय इतिहासाने ही अडचण वाढविली आहे. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये विभाजन होऊन हा प्रदेश पश्चिम खानदेशात आला. त्या जिल्ह्याला पुढे धुळे हे नाव मिळाले व त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. साहजिकच जुन्या नोंदी ‘खानदेश’, ‘पश्चिम खानदेश’ किंवा ‘धुळे’ या नावांखाली आढळतात.

जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे (२०११). वनहक्क अधिनियम, २००६ खालील नियमांनुसार गॅझेटियर, जनगणना, भूमापन इत्यादींच्या सरकारी नोंदी दाव्याचा पुरावा म्हणून ग्राह्य ठरतात. म्हणून एका रूपाच्या शोधात शब्द न आढळणे म्हणजे नोंदच नसणे, असा निष्कर्ष काढणे येथे केवळ संशोधकाची चूक राहत नाही. त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा जमिनीवरील दावा दुबळा होऊ शकतो.