हसूरचंपू ते हत्तरगी : विमानाचा आराखडा कुणाचा?

बेळगाव-निपाणीचा भाग आणि विमान असा विषय निघाला की आपल्या मंडळींच्या तोंडी तीन गोष्टी हमखास येतात. एक, सांबऱ्याची धावपट्टी. दुसरी, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात ती एक्वसची वसाहत. आणि तिसरी आपल्या भागातली नसली तरी फोनवरून दर दोन-चार महिन्यांनी फिरून येते: शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा.

चौथं एक नाव आहे. खरं तर ते पहिलं यायला हवं, पण क्वचितच येतं. डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म २४ ऑक्टोबर १९०८, गाव हसूरचंपू, तालुका गडहिंग्लज. भारतात आराखडा होऊन, भारतातच बनून, पुढे दीडशेहून अधिक संख्येने हवाई दलात आणि फ्लाइंग क्लबांत गेलेलं पहिलं विमान एचटी-२. त्याचा आराखडा या माणसाच्या नेतृत्वाखाली झाला. या टिपणाचा विषय घाटगे आहेतच, पण त्याबरोबर एक प्रश्नही आहे: विमान 'आपलं' आहे असं आपण केव्हा म्हणायचं?

आधी गाव कुठे ते सांगतो. बेळगावहून निपाणीकडे निघालं की हत्तरगी मागे पडते, मग संकेश्वर येतं. तिथून डाव्या हाताला गडहिंग्लजचा रस्ता फुटतो. गडहिंग्लज आज महाराष्ट्रात आणि संकेश्वर कर्नाटकात असलं तरी मिरचीच्या बाजाराला आणि सोयरिकीला ही रेषा कधी आडवी आली नाही. दोन्हीकडे मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बोलली जाते. घाटगे जन्मले तेव्हा ही रेषा नव्हतीच. गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात होतं आणि गादीवर शाहू महाराज होते.

१९०८ हे सालही लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्बर राइटने फ्रान्समध्ये ल माँ इथे विमान उडवून दाखवलं आणि युरोपची खात्री पटली की माणूस खरोखर उडतो. त्याच सुमारास जर्मनीत ग्योटिंगेन इथे लुडविग प्रांटल हे प्राध्यापक वाऱ्याचा बोगदा उभारत होते. बंद बोगद्यातून पंख्याने वारा सोडायचा, त्यात पंखाची छोटी प्रतिकृती टांगायची, आणि वारा तिला किती उचलतो व किती मागे ओढतो ते मोजायचं. प्रांटल यांनी १९०४ सालीच दाखवलं होतं की वाहत्या हवेचा पृष्ठभागाला चिकटून असलेला अगदी पातळ थर सगळा खेळ करतो. तो थर पंखावरून सुटला की उचल कोसळते. आजची सगळी विमानविद्या या सीमास्तराच्या कल्पनेवर उभी आहे. याच प्रांटल यांच्याकडे हसूरचंपूचे घाटगे शिकायला गेले आणि १९३६ साली डॉक्टरेट घेऊन परतले.

परतले खरे, पण विमानाचा कारखाना देशात नव्हता. तो आला डिसेंबर १९४० मध्ये, बंगळूरला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' काढली. महायुद्ध पेटलेलं होतं. कारखान्यात पहिल्यांदा जोडली गेली ती अमेरिकन विमानं, १९४१ साली हार्लो आणि १९४२ साली कर्टिस हॉक. पेट्या अमेरिकेतून यायच्या, आराखडेही तिथलेच. आपल्या लोकांनी जोडणी केली, आणि ती चोख केली. पण पंख अमुक इतकाच लांब का, पत्रा अमुक इतकाच जाड का, याचं उत्तर बंगळूरला नव्हतं. ते कॅलिफोर्नियात किंवा न्यूयॉर्कमध्ये होतं.

घाटगे याच कारखान्यात दाखल झाले. तिथे त्यांनी एक ग्लायडर रेखाटलं. ते एकच बनलं, पण आराखडा मात्र इथला होता. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याची घडी बसवण्याचं कामही त्यांच्याकडे आलं. म्हणजे कारखाना आणि वर्ग दोन्ही सांभाळायचे. कारखान्याला आराखडा करणारी माणसं हवीत आणि अशी माणसं वर्गाशिवाय तयार होत नाहीत, हे या मांडणीतच दिसतं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली प्रशिक्षण विमानाच्या आराखड्याचं काम हाती आलं. तोवर आपले वैमानिक टायगर मॉथवर शिकत. ते दुमजली पंखांचं, कापडाने मढवलेलं, १९३१ सालचं ब्रिटिश विमान. त्याच्या जागी घाटगे यांच्या गटाने जे रेखाटलं ते पूर्ण धातूचं होतं. एकच पंख, तोही खालच्या बाजूला, बाहेरून तारा किंवा टेकू नाहीत. शिकणारा आणि शिकवणारा एकामागे एक बसणार. पुढे दोन स्थिर चाकं, मागे शेपटाला एक. उत्पादनातल्या विमानांना १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन. ऑगस्ट १९५१ मध्ये पहिलं एचटी-२ आकाशात गेलं.

हे काम किती अवघड, ते चटकन ध्यानात येत नाही. लोकांना वाटतं, लढाऊ विमान कठीण, शिकाऊ विमान सोपं. पण शिकाऊ विमान चालवणारा हा चुकणारच, हे गृहीत धरून ते बनवावं लागतं. त्याने नाक जास्त वर घेतलं की पंखावरची हवा सुटणार, विमान खाली बसणार. एक पंख आधी बसला तर विमान गिरक्या घेत खाली येणार. अशा वेळी विमानाने आधी थरथरून इशारा द्यायला हवा, आणि योग्य हालचाल केल्यावर गिरकीतून बाहेर यायला हवं. मुद्दाम गिरकीत घालून बाहेर काढायचा धडाच असतो, त्यामुळे गिरकीत अजिबात न जाणारं विमानही चालत नाही. वर शेपटाचं चाक. वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे पडत असल्याने उतरताना विमान गर्रकन फिरू पाहतं. आणि रोज दहा नवशिके ते जमिनीवर आपटणार, म्हणजे पाय भक्कम हवेत, पण वजन वाढता कामा नये. एक ओढलं की दुसरं सुटतं. या सगळ्याचा हिशेब तेव्हा संगणकाशिवाय, हाताने करायचा होता.

एचटी-२ वर हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्या पहिलं उड्डाण शिकल्या. १९५० च्या दशकाअखेर घानाच्या नव्या हवाई दलालाही ही विमानं गेली. १९५८ साली फ्लाइंग क्लबांसाठी वरच्या पंखाचं, दोन आसनी, हलकं विमान उडालं. नाव 'पुष्पक'. ते अमेरिकन एरोंका विमानाच्या वळणाचं होतं, हेही सांगायला हवं. मग लष्करासाठी 'कृषक'. आणि सप्टेंबर १९६४ मध्ये 'किरण', प्रशिक्षणासाठीचं जेट. याही आराखड्याच्या गटाचं नेतृत्व घाटगे यांनी केलं. १९९६ ते २०११ या काळात सूर्यकिरण पथकाच्या कसरती ज्यांनी पाहिल्या, त्यांनी हसूरचंपूच्या माणसाच्या हाताखालून निघालेलं विमानच पाहिलं. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ साली ते गेले.

आता तळपदे यांच्याकडे येतो, कारण ते टाळून हा विषय पुरा होत नाही. तळपदे हे मुंबईतले जिज्ञासू गृहस्थ, त्यांचा ध्यास खरा होता, याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्यांच्या नावाने जो 'वैमानिक शास्त्र' ग्रंथ पुढे केला जातो, त्याची तपासणी १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. ज्या संस्थेत घाटगे यांनी विमानविद्येच्या विभागाची सुरुवात केली, तिथल्याच लोकांनी हे तपासलं. तपासायला तराजू लागतो, आणि तो तराजू तिथे रुजला होता. आपल्याला अभिमानच हवा असेल तर या तराजूचा धरावा, असं मला वाटतं. चौपाटीच्या कथेला पुरावा शोधत बसावं लागतं. पुष्पक नावाचं विमान तर खरोखर उडत होतं, क्लबात पैसे भरून कुणीही त्यावर शिकू शकत होता.

आता हत्तरगी. हुक्केरी तालुक्यातल्या माळावर सुमारे अडीचशे एकरांत एक्वसने जी वसाहत उभारली, तिथे यंत्रावर कातलेले, घडवलेले, पृष्ठप्रक्रिया केलेले भाग एअरबससारख्या कंपन्यांच्या विमानांत जातात. विमानातला साधा कंस बनवायचा तरी धातूच्या मूळ ठोकळ्यापासूनची नोंद लागते आणि केसाच्या जाडीहून कमी फरकावर भाग बाद होतो. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि लेथवर घडलेल्या बेळगावच्या कारागिरीला ही शिस्त नवी असली तरी परकी नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. राइट बंधूंनी त्यांचं सायकलचं दुकान डेटनला काढलं ते १८९२ साली. साम्य एवढंच, त्यापुढे मी ते ताणत नाही.

पण तुळूझ किंवा सिॲटलचा आराखडा हत्तरगीला बरहुकूम उतरवला जातो, तेव्हा आपण १९४१ सालच्या बंगळूरच्या पायरीवर असतो. ही पायरी कमी प्रतीची नाही. तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय वर जाता येत नाही. वालचंदांच्या कारखान्यात पेट्या उघडण्यापासून एचटी-२ पर्यंत सुमारे दहा वर्षं गेली. फरक इतकाच की त्या दहा वर्षांत पेट्या उघडणाऱ्यांच्या शेजारी आराखडा करणारा एक गट मुद्दाम बसवला होता.

आणि असा गट विस्कटला की काय होतं, तेही आपण पाहिलं. एचटी-२ नंतर आलेलं 'दीपक' हे विमान २००९ साली थांबवावं लागलं. मग २०१२ साली पंचाहत्तर शिकाऊ विमानं स्वित्झर्लंडमधून मागवली. साठ वर्षांपूर्वी जे आपण स्वतः रेखाटलं होतं, तेच बाहेरून. आपलं एचटीटी-४० पहिल्यांदा उडालं ते २०१६ साली. आराखड्याची विद्या कपाटात ठेवून टिकत नाही, हातात राहिली तरच राहते.

बंगळूरला घाटगे यांच्या नावाचं सभागृह आहे, वैमानिक सोसायटीचा पुरस्कार आहे. आपल्याकडे त्यांची आठवण शाळेच्या फळ्यावरसुद्धा पोचत नाही. संकेश्वर, गडहिंग्लज, निपाणी, हुक्केरी इथल्या शाळांत २४ ऑक्टोबरला दहा मिनिटं त्यांच्यावर बोललं गेलं तरी पुष्कळ होईल. हत्तरगीला लेथवर उभ्या राहणाऱ्या पोरापोरींना तर हे आवर्जून कळायला हवं की तीस किलोमीटरच्या आतल्या एका खेड्यातून आलेल्या माणसाने सबंध विमान रेखाटलं होतं.

सीमाभागातले अनेकजण हवाई दलात होते, बंगळूरच्या कारखान्यात फिटर, रिव्हेटर, ड्राफ्ट्समन होते. वाचकहो, तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. एचटी-२ किंवा किरणवर काय काम केलं, कोणती हत्यारं वापरली, साहेब मंडळी काय विचारायची, हे लिहून घ्या. फोटोमागे तारीख असेल तर ती आधी टिपा. हे कागद मंडळाकडे आले की पुढचं टिपण त्यांच्यावरच करू.