लॅपटॉपच्या पोटातला रिकामा स्लॉट

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, लॅपटॉपची रॅम वाढवणं हे दुकानातल्या मुलाचं काम, त्यात इतिहास कुठून आला? पण मला तर वाटतं, की संगणक विकत घेतल्यावर त्याचा मालक नक्की कोण, हा सगळा प्रश्न त्या बोटभर रुंदीच्या पट्टीत मावतो.

थोडं मागे जाऊ. मुंबईत टीआयएफआरने १९६० च्या सुमारास जो संगणक उभा केला, ज्याला पुढे ‘टिफ्रॅक’ नाव मिळालं, त्याची मेमरी होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशोब करा: जेमतेम १० केबी. आज मोबाइलवर येणारा शुभेच्छांचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. ती मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. एका कडीत एक बिट, आणि कड्यांमधून बारीक तारा ओवलेल्या. जगभर हे ओवण्याचं काम मुख्यतः बायकांच्या हातांनी झालं, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये एक साधी वाटणारी कल्पना काढली. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, बास. कपॅसिटरमध्ये भार असला तर १, नसला तर ०. अडचण एवढीच, की हा भार गळतो. भोक पडलेल्या घागरीसारखं. म्हणून तो सतत पुन्हा भरत राहावा लागतो. आजच्या रॅममध्ये सेकंदाला किमान पंधरा वेळा प्रत्येक बिट ताजा केला जातो. डीरॅममधला ‘डी’, म्हणजे डायनॅमिक, तो याचाच. पेटंट मिळालं १९६८ मध्ये, आणि १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही चिप बाजारात आणली. १०२४ बिटांची. कड्यांचे दिवस तिथून भरले.

पण चिप आली म्हणजे ती घरी वाढवता आली असं नाही. सुरुवातीच्या पीसीत एकेक चिप सॉकेटमध्ये दाबून बसवायची. पाय वाकला की संपलं. पुढे १९८० च्या दशकात वँग लॅबोरेटरीजने चिपा एका छोट्या पट्टीवर बसवून अख्खी पट्टीच स्लॉटमध्ये घालायची सोय काढली, ती सिम. गंमत बघा, या कंपनीचे संस्थापक अ‍ॅन वँग हे कड्यांच्या मेमरीच्या शोधकर्त्यांपैकी एक!

लॅपटॉपचं मात्र वेगळंच चाललं होतं. जागा कमी, त्यामुळे १९९० च्या आसपास जो तो आपल्या आकाराचं मेमरी कार्ड बनवायचा. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात बसायचं नाही, कधी त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलमध्येही नाही. आणि किंमत? गिऱ्हाईक अडकलेलं असलं की किंमत कशी असते, ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

ही अडवणूक सैल केली ती एसओ-डिमने. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने आकार ठरवून दिला: पावणेसात सेंटीमीटर लांब, डेस्कटॉपच्या पट्टीच्या साधारण निम्मी. खाच कुठे हवी तेही ठरलं. डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खाच अशी सरकवलेली, की चुकीच्या पिढीची पट्टी आत जाणारच नाही. काम सोपं झालं. बॅटरी काढा, अंगातली स्थिर वीज घालवायला धातूला हात लावा, पट्टी तिरकी घाला, खाली दाबा, दोन बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या की झालं. लॅमिंग्टन रोडवर (पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडी मात्र लॅमिंग्टनच) हे काम चहा येईपर्यंत व्हायचं.

आणि गरज खरी होती. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी लागायचे. २००७ च्या व्हिस्टाला किमान ५१२ एमबी. बारा वर्षांत १२८ पट! जुनं यंत्र टिकवायचं तर पट्टी वाढवणं हाच सर्वात स्वस्त उपाय. सेकंडहँड लॅपटॉपवर शिकलेल्या कितीतरी मुलांचं शिक्षण त्या रिकाम्या स्लॉटवर चाललंय.

मग जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. टाळ्या पडल्या. त्यात २ जीबी रॅम होती, मदरबोर्डवर सोल्डर केलेली. स्लॉट नाही. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही तेच, आणि मग इतर कंपन्याही हळूहळू त्याच वाटेने गेल्या.

इथे न्याय करायला हवा. सोल्डर करण्यामागे नुसता लोभ नाही. एलपीडीडीआर ही कमी वीज खाणारी मेमरी फार वेगाने चालते, आणि प्रोसेसरपासूनचं अंतर वाढलं, मध्ये स्लॉटचा सांधा आला, की सिग्नल बिघडतो. बॅटरी जास्त टिकते ती काही अंशी यामुळेच. पण लोभ अजिबात नाही असंही कोणी म्हणू नये. २०२० च्या एम१ मॅकबुकमध्ये ८ चे १६ जीबी हवे असतील तर अमेरिकेत २०० डॉलर जादा, तेही खरेदीच्या वेळीच. नंतर पैसे हातात घेऊन उभे राहिलात तरी उपयोग नाही. चार वर्षांनी आपल्याला किती मेमरी लागेल, हे ओळखण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकली गेली.

तांत्रिक अडचण अगदीच अटळ होती का? डेलने २०२२ मध्ये कॅम नावाचा चपटा मॉड्यूल आणला. स्लॉटमध्ये न खुपसता तो बोर्डावर दाबून स्क्रूने आवळायचा. यावर आधारलेलं मानक जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये त्याचा एलपीडीडीआर अवतार आला: तीच कमी वीज खाणारी मेमरी, पण काढता-घालता येणारी. सोल्डरशिवाय गत्यंतर नाही, असं जे सोळा वर्षं ऐकत होतो, त्याचं उत्तर थोडेसे स्क्रू निघाले. आता ते किती कंपन्या वापरतील, हे आपण दुकानात काय विचारतो त्यावरही ठरेल. लॅपटॉप घ्यायला गेलात तर प्रोसेसरच्या आधी विचारा, रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे? आणि असेल तर एक रिकामा आहे का?