ड्रग्जच्या केसमध्ये जामीन : आधी वजन बघा, मग धावपळ करा

मोहल्ल्यातला एखादा मुलगा 'एनडीपीएस'मध्ये उचलला गेला, की घरच्यांची पहिली धाव ओळखीच्या नेत्याकडे, नाहीतर 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्याकडे असते. आमचं म्हणणं, त्याआधी एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मिळवा आणि माल किती लिहिलाय ते वाचा. नशा हराम आहे. विकणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, आणि जामीन मागायचा हक्क प्रत्येक आरोपीला आहे.

1985 च्या या कायद्यात सगळं वजनावर चालतं. गांजा 1 किलोपर्यंत अल्प प्रमाण, 20 किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण. चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो, हेरॉईन 5 आणि 250 ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन 2 आणि 50 ग्रॅम. या दोन आकड्यांच्या मधलं ते मध्यम प्रमाण. अल्प प्रमाणाला 1 वर्षापर्यंत शिक्षा, मध्यमला 10 वर्षांपर्यंत, आणि व्यावसायिक प्रमाणाला किमान 10, जास्तीत जास्त 20 वर्षं. पुडीत भेसळ असली तरी वजन अख्ख्या मिश्रणाचं धरतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे.

माल व्यावसायिक प्रमाणाचा असेल तर कलम 37 आडवं येतं. 1989 च्या दुरुस्तीने ते कडक झालं. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी न्यायाधीशांना पटाव्या लागतात. खटला उभा राहण्याआधीच जवळजवळ निर्दोषत्व दाखवायचं! कलम 27अ, म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणे किंवा आरोपीला आसरा देणे, यालाही हीच अट आहे. म्हणून पोलिसांनी 27अ लावलंय का, तेही बघा. अल्प आणि मध्यम प्रमाणाला कलम 37 लागत नाही. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, त्यामुळे कोर्टात अर्ज करावाच लागतो.

मग कलम 37 असतानाही लोक सुटतात कसे? एक, झडतीतल्या चुका. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क सांगणं कलम 50 प्रमाणे बंधनकारक आहे. बॅगेच्या झडतीला मात्र हे लागू नाही. दोन, अधिकाऱ्यांनी घेतलेला कबुलीजबाब. तोफान सिंग निकालानंतर (2020) तो पुरावा म्हणून चालत नाही. आर्यन खान प्रकरणात त्याच्याकडे काही सापडलं नव्हतं, कटाचा आरोप होता. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना कटाचा पुरावा दिसत नाही म्हटलं, आणि मे 2022 मध्ये एनसीबीने त्याचं नाव आरोपपत्रात घेतलंच नाही. मोठे वकील उभे राहिले तरी त्याचे तीन आठवड्यांहून जास्त दिवस कोठडीत गेले, मग गरिबाच्या पोराचं काय?

त्याच्यासाठी तिसरी वाट महत्त्वाची : रखडलेला खटला. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या केसमध्ये सात वर्षांहून अधिक आत असलेल्याला याच कारणावर जामीन दिला. त्यामुळे किती साक्षीदार, किती तपासले, याची नोंद प्रत्येक तारखेला ठेवा.

तारखांचा आणखी एक हिशोब घरच्यांकडून हमखास सुटतो. व्यावसायिक प्रमाणात 180 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. सरकारी वकिलाच्या अहवालावर ही मुदत कोर्ट 1 वर्षापर्यंत वाढवू शकतं. कमी प्रमाणात साधारण 60 दिवस. पण अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधी द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी देऊ म्हणाल आणि त्याच संध्याकाळी आरोपपत्र आलं, तर हक्क गेला.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून माणूस आतच असेल, तर 7 दिवसांनंतर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, असे सर्वोच्च न्यायालयाचे 2023 चे निर्देश आहेत. त्यांनी कळवलं नसेल, तर तुम्हीच जाऊन कळवा.