जुन्या कागदावर 'जमादार' लिहिलंय? आधी साल बघा

वडोदरा : इथल्या अनेक मराठी घरांत पणजोबा-आजोबा फौजेत होते. कोणी गायकवाडी फौजेत, कोणी इंग्रजांच्या पलटणीत, तर कोणी १९४७ नंतरच्या भारतीय सैन्यात. घरात जपून ठेवलेल्या कागदावर किंवा फोटोखाली 'जमादार', 'हवालदार', 'सुभेदार' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पण हुद्द्याचं नाव तेच राहिलं तरी त्याचं वजन काळानुसार बदललं आहे. त्यामुळे साल आणि फौज पाहिल्याशिवाय हुद्दा नीट कळत नाही.

शिवकाळात काय होतं?
सभासद बखरीनुसार घोडदळात २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी आणि ५ हजारींवर पंचहजारी असे. सर्वांच्या वर सरनोबत. पायदळात सर्वांत छोट्या तुकडीचा प्रमुख नाईक. नाईक आणि हवालदार हे दोन शब्द आजही सैन्यात आहेत.

हुद्दा वेगळा, किताब वेगळा
वडोद्याच्या गायकवाडांच्या नावामागे 'सेनाखासखेल समशेरबहादूर' लागतं. हे सैन्यातले हुद्दे नसून मानाचे किताब आहेत. १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर दमाजी गायकवाडांना 'समशेरबहादूर' किताब मिळाला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर पिलाजीरावांना 'सेनाखासखेल' किताब मिळाला. किताब वंशपरंपरेने चालतो, हुद्दा ज्याचा त्यालाच.

सुभेदार : एक शब्द, दोन उंची
मराठेशाहीत सुभेदार म्हणजे मोठा सरदार. मल्हारराव होळकरांना लोक सुभेदारच म्हणत. इंग्रजी पलटणीत मात्र हा हुद्दा कंपनीतल्या ज्येष्ठ देशी अंमलदाराचा झाला. कितीही नोकरी झाली तरी तो इंग्रज अधिकाऱ्याच्या खालीच राही.

जमादार म्हणजे शिपाई नव्हे
सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. आज 'जमादार' म्हटलं की ऑफिसातला शिपाई किंवा सफाई कामगार डोळ्यांसमोर येतो. सैन्यात मात्र १९६५ पर्यंत जमादार हा हवालदाराच्या वरचा हुद्दा होता. आजचा नायब सुभेदार तोच. म्हणजे १९६५ च्या आधीच्या लष्करी कागदावर आजोबा 'जमादार' असतील, तर ते ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या किंवा इंग्रजी अमलातल्या त्याच दर्जाच्या जागेवर होते.

खूण कशी ओळखायची?
लान्स नाईकच्या दंडावर एक फीत, नाईकच्या दोन, हवालदाराच्या तीन. त्यावरचे हुद्दे खांद्यावर दिसतात : नायब सुभेदार एक तारा, सुभेदार दोन तारे, सुभेदार मेजर अशोकस्तंभाचे सिंह. या तिघांच्याही खुणेसोबत एक रंगीत पट्टी असते.

ही पट्टी महत्त्वाची. लेफ्टनंटलाही दोनच तारे असतात आणि मेजरलाही सिंहच असतात, पण पट्टी नसते. म्हणून नुसते तारे मोजून सुभेदाराला लेफ्टनंट किंवा सुभेदार मेजरला मेजर समजू नये. कॅप्टनला तीन तारे. पुढे लेफ्टनंट कर्नलला सिंह आणि एक तारा, कर्नलला सिंह आणि दोन, ब्रिगेडियरला सिंह आणि तीन.

रणगाडा दलात आणि जुन्या रिसाल्यांत नावं वेगळी : हवालदाराऐवजी दफेदार, सुभेदाराऐवजी रिसालदार. दर्जा तोच.

वडोदरा ते बेळगाव
१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानी फौजाही भारतीय सैन्यात सामावल्या गेल्या. बडोदा, कोल्हापूर आणि हैदराबादच्या फौजांतून मराठा लाईट इन्फंट्रीच्या काही पलटणी उभ्या राहिल्या. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे. त्यामुळे वडोद्यातल्या घरातल्या कागदाचा धागा थेट सीमाभागापर्यंत येऊ शकतो.

कागद वाचताना चार गोष्टी एकत्र बघाव्यात : साल, फौज, पलटण आणि हुद्द्याआधी 'ऑनररी' आहे का. ऑनररी लेफ्टनंट किंवा कॅप्टन हा दीर्घ सेवेचा सन्मान असतो. नावासोबत तो शब्दही तसाच लिहावा. आजोबांचा हुद्दा फुगवून सांगायची गरज नाही, आणि न कळल्यामुळे कमी लेखायचीही नाही.