गिरणी, जागतिकीकरण आणि आपण

जागतिकीकरण १९९१ साली आले असे सर्रास म्हटले जाते. आम्हां गिरणी कामगारांना ते तितकेसे पटत नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली, तेव्हा यंत्रे विलायतेहून आली. पुढे मुंबईचे सूत बोटीने चीनला जाऊ लागले. म्हणजे गिरणगाव जगाच्या बाजारातूनच जन्मले. कोकणातून, घाटावरून माणसे आली. रोख पगार हातात पडला, गावकीची वेठ सुटली.

पण जात सुटली काय? विणाई खात्यात पगार जास्त. तिथे आपल्या माणसांना मज्जाव. कारण काय, तर कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे. आपल्या माणसाने तोंड लावले की म्हणे धागा बाटतो! यंत्र विलायती, विटाळ मात्र गावचाच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, त्यात हा पक्ष पुढे होता. बाजाराने पगार दिला. माणुसकी मात्र संघटनेनेच मिळवावी लागली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हजारोंना पुन्हा काम मिळालेच नाही. १९९१ नंतर खाउजा आले, म्हणजे खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. तिथे आपली पोरे सिक्युरिटीत, हाऊसकीपिंगला, तीही कंत्राटावर. युनियन नाही, खाजगी नोकरीत आरक्षण नाही. पूर्वी मयत झाली तर अख्खी चाळ खांद्याला यायची. आता शेजारच्या दाराची ओळख नाही.

मग जग वाईटच काय? तसे नव्हे. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतले असे ते पहिलेच शहर. जात विमानाने परदेशी गेली, तसा आपला लढाही तिच्यामागे गेला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की विहार वंदनेपुरते ठेवू नका. कंत्राटावरच्या पोरांनी नेमणुकीचे कागद, पी.एफ.चा हिशोब इथे आणावा, जाणत्यांनी तो वाचून दाखवावा. युनियन गेली तरी एकत्र बसायची जागा अजून आपल्या हातात आहे.

जयभीम!