बेल मास्तरांचे दोन वर्ग

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना कुणी व्यवसाय विचारला, तर ते 'बहिऱ्यांचा शिक्षक' असं सांगत. 1876 साली टेलिफोनचं पेटंट मिळालं, पैसा आला, जगभर नाव झालं, तरी उत्तर तेच राहिलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र हा माणूस टेलिफोनपाशी सुरू होतो आणि टेलिफोनपाशीच संपतो. माझी उमेदीची वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेली. त्यामुळे मी बेल यांच्याकडे पाहते ती आमच्याच पेशातला एक मास्तर म्हणून. तसं पाहिलं की त्यांच्या आयुष्यात दोन वर्ग दिसतात. एक बहिऱ्या मुलांचा आणि दुसरा विमानं बांधणाऱ्या तरुणांचा. दुसऱ्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून आधी तो.

हा वर्ग भरला कॅनडात, नोव्हा स्कोशियामधल्या बॅडेक या लहानशा गावाजवळ. एडिंबरामध्ये जन्मलेल्या बेल यांना ब्रा द'ओर सरोवराकाठचा हा मुलूख स्कॉटलंडसारखा वाटला, आणि 1885 नंतर त्यांनी तिथेच बेन व्रिआ ही मोठी वास्तू उभी केली. घरात पत्नी मेबल आणि दोन मुली, एल्सी आणि मॅरियन. दोन मुलगे तान्हेपणीच गेले होते. 1881 मध्ये पहिला मुलगा एडवर्ड श्वास घेता न आल्यामुळे दगावला. त्यानंतर या बापाने काय करावं? छातीभोवतीची हवा आतबाहेर करून श्वास चालू ठेवणारं धातूचं जाकीट तयार केलं. पुढे रुग्णालयांत आलेल्या 'आयर्न लंग'चा तो पूर्वज. दुःख झालं की हा माणूस कामाला लागायचा.

मेबल पाच वर्षांची असताना तांबड्या तापाने तिची श्रवणशक्ती गेली. ती ओठ वाचून बोलणं समजून घेई. बोस्टनमध्ये ती बेल यांच्याकडे उच्चार शिकायला आली, आणि 11 जुलै 1877 रोजी दोघांचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून बेल यांनी टेलिफोन कंपनीतले आपले दहा सोडून बाकी सगळे शेअर तिच्या नावावर केले. विमानांच्या गोष्टीत हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे पैसा तिनेच घातला.

बेल यांना उडण्याचं वेड जुनं होतं. 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर सॅम्युएल लँगली यांचं वाफेवर चालणारं मानवरहित विमान उडालं, तेव्हा ते हजर होते आणि त्यांनी त्याचा फोटोही काढला. बॅडेकला त्यांनी पतंगांचे प्रयोग मांडले. त्या काळी एक आक्षेप घेतला जाई: यंत्राची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट होतं. मग माणूस नेणारं यंत्र उडणार कसं? बेल यांचं उत्तर असं, की एक घर मोठं करू नका, लहान घरंच एकमेकांना जोडत जा. मधमाश्या पोळं वाढवतात तसं. त्यांनी चार त्रिकोणी बाजूंची छोटी चौकट बनवली, तिच्या दोन बाजूंवर रेशीम ताणलं आणि अशा शेकडो चौकटी जोडल्या. हेलन केलर बॅडेकला आली तेव्हा तिनेही त्यांच्याबरोबर पतंग उडवले.

पण पतंगाला इंजीन बसवायचं तर नव्या दमाची माणसं हवी होती. मेबलने सुचवलं की संस्था काढा, आणि स्वतःचे वीस हजार डॉलर त्यात घातले. 1 ऑक्टोबर 1907 रोजी 'एरियल एक्स्पेरिमेंट असोसिएशन' स्थापन झाली. बेल साठीला आलेले, बाकीचे चौघे तरुण. केसी बाल्डविन आणि डग्लस मकर्डी हे टोरांटोहून शिकून आलेले अभियंते. मकर्डी तर बॅडेकचाच. टॉमस सेल्फ्रिज अमेरिकी सैन्यातला लेफ्टनंट. ग्लेन कर्टिस मोटरसायकलची इंजिनं बनवणारा, आणि त्याची बहीणही कर्णबधिर.

इथे मला बेल यांच्यातला मास्तर दिसतो. त्यांनी नियम केला की प्रत्येकाच्या देखरेखीखाली एकेक यंत्र तयार व्हायचं, बाकीच्यांनी त्याला हात लावायचा. पहिली पाळी त्यांच्या स्वतःच्या 'सिग्नेट'ची. तीन हजारांहून अधिक चौकटींचा हा प्रचंड पतंग 6 डिसेंबर 1907 रोजी बोटीने ओढला. सेल्फ्रिज त्यात पालथा पडलेला. पतंग 168 फुटांवर गेला, सात मिनिटं हवेत राहिला आणि उतरताना दोर वेळेवर न सुटल्यामुळे पाण्यात मोडला. सेल्फ्रिज पोहून बाहेर आला.

तरुणांचा ओढा मात्र दोन पंखी विमानांकडे होता. बेल यांचा चौकटींवरचा जीव सुटला नाही, तरी त्यांनी कुणाला अडवलं नाही. काम न्यूयॉर्क राज्यात कर्टिसच्या गावी, हॅमंड्सपोर्टला हललं. मार्च 1908 मध्ये सेल्फ्रिजचं 'रेड विंग' गोठलेल्या सरोवरावरून उडालं. बाल्डविनच्या 'व्हाइट विंग'ला पंखांच्या टोकांशी तोल सांभाळणाऱ्या हलत्या झडपा आल्या. कर्टिसच्या 'जून बग'ने 4 जुलैला सगळ्यांसमोर एक किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि 'सायंटिफिक अमेरिकन'चा चषक जिंकला. 17 सप्टेंबरला सेल्फ्रिज ऑर्व्हिल राइट यांच्याबरोबर उडत असताना विमान कोसळलं आणि तो गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो पहिला माणूस. वर्ग तरीही थांबला नाही. 23 फेब्रुवारी 1909 रोजी मकर्डीने बॅडेकच्या बर्फावरून 'सिल्व्हर डार्ट' उडवलं, सुमारे 800 मीटर. कॅनडातलं इंजिनाच्या विमानाचं ते पहिलं उड्डाण. त्याच दिवसांत बेल यांचं 'सिग्नेट दोन' उडायला तयार नव्हतं. मास्तरांची कल्पना हरली आणि विद्यार्थ्यांची जिंकली. 31 मार्चला ठरल्याप्रमाणे संस्था मिटली. बेल यांनी स्वतः विमान कधी चालवलं नाही.

आता पहिला वर्ग. बेल यांच्या आईला कमी ऐकू येई. वडील मेल्व्हिल बेल यांनी जीभ, ओठ, घसा यांच्या स्थिती दाखवणारी चिन्हलिपी तयार केली होती. ती घेऊन बेल बोस्टनला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागले. मेबलसारखी काही मुलं त्यात चमकली. पण ती ऐकत-बोलत मोठी झाली होती आणि मग बहिरी झाली. जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी, हे आमच्या पेशातल्या कुणालाही पहिल्या वर्षात कळतं.

बेल यांना खुणांची भाषा चांगली येत होती. तरीही ती शाळेत नको, यासाठी त्यांनी आपलं सगळं वजन खर्च केलं. बहिऱ्यांच्या शिक्षणावर 1880 साली मिलानला भरलेल्या परिषदेने खुणांऐवजी तोंडी पद्धत घ्यावी असा ठराव केला, आणि अमेरिकेत त्या बाजूचा सर्वांत मोठा आवाज बेल यांचा ठरला. 1883 मध्ये त्यांनी निबंध वाचून बहिऱ्यांनी आपसांत लग्नं करण्याबद्दल भीती घातली. बहिरे शिक्षक, बहिऱ्यांच्या निवासी शाळा, हेही त्यांना नको होतं. त्याचे पडसाद आमच्याकडेही उमटले. मी प्रशिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला सांगितलं जाई की मुलाने हात हलवला तर उत्तर देऊ नका. मुलं पुढे तोंडाने 'प, फ, ब' म्हणत आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना हातांनी भराभर अख्खी गोष्ट सांगून टाकत. शिकणं तिथे चालू असायचं.

बेल 2 ऑगस्ट 1922 रोजी बेन व्रिआला वारले. चरित्रकार सांगतात, की 'मला सोडून जाऊ नका' असं मेबल म्हणाली तेव्हा बोलायची ताकद नसलेल्या बेल यांनी बोटांच्या खुणेने 'नाही' म्हटलं. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले. पाच महिन्यांनी मेबलही गेली.

एकाच माणसाने बॅडेकला विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा वेगळ्या वाटेने उडू दिलं आणि बहिऱ्या मुलांना मात्र स्वतःची वाट नाकारली. मी त्यांना थोर मानते ते बॅडेकसाठी, बोस्टनसाठी नाही. 2010 साली व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपल्या 2020 च्या शैक्षणिक धोरणातही भारतीय सांकेतिक भाषेला जागा मिळाली आहे. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. श्रवणयंत्र लावा, बोलायला शिकवा, सगळं करा. पण त्याच्याबरोबर तुम्हीही खुणा शिका, आणि त्या आजपासून शिका.