जलजीवालय, सागरी (घरगुती)

समुद्राचे किंवा त्याच्या घटकांपासून तयार केलेले कृत्रिम खारे पाणी भरलेल्या पात्रात सागरी मासे व इतर प्राणी घरी जिवंत ठेवण्याच्या व्यवस्थेस घरगुती सागरी जलजीवालय म्हणतात. गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा ही व्यवस्था घरात बरीच उशिरा आली आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या गावांत तर त्याहूनही उशिरा. कोल्हापूर हे रत्नागिरीपासून रस्त्याने सुमारे १३० किमी. असून मध्ये सह्याद्रीची रांग आहे. पूर्वी कोकणातील मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. जिवंत सागरी प्राण्यास जगवील असे पाणी मात्र अशा रीतीने आणणे शक्य नव्हते. या विषयाचा इतिहास मुख्यतः ही अडचण कशी दूर झाली याचाच आहे.

स्कॉटलंडमधील निसर्गवैज्ञानिक जॉन ग्रॅहम डॅलिएल (१७७५–१८५१) यांनी १८२८ मध्ये आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत ठेवले होते. ते त्यांच्या मागेही जगले व १८८७ मध्ये मेले. एडिंबरो समुद्रालगत असल्याने बरणीतील पाणी वरचेवर बदलता येई, हे त्यामागील खरे कारण होय. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला नेले. तेथे रोज ताजे समुद्रजल मिळणे कठीण असल्यामुळे दासीकडून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुनःपुन्हा ओतवून त्यांनी त्यात हवा मिसळली व प्राणी जगविले. आजच्या टाकीतील पंप जे काम करतो, तेच हे काम. फरक इतकाच, की त्या वेळी ते एका नोकराणीच्या हातांवर चाले.

रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये मासे, वनस्पती व गोगलगायी यांचा समतोल साधून गोड्या पाण्याची टाकी टिकवून दाखविली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक जलजीवालय उघडले. त्याच्याशी निकट संबंध असलेले फिलिप हेन्‍री गॉस (१८१०–८८) यांनी १८५४ मध्ये साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड यांपासून कृत्रिम समुद्रजल बनविले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना या छंदाची वाट येथून खुली झाली. गॉस यांच्या ग्रंथांमुळे इंग्लंडमध्ये सागरी टाक्यांची लाट उसळली आणि काही वर्षांतच ओसरली. तिचा परिणाम मात्र किनाऱ्यावर उरला. हौशी संग्राहकांनी खडकांतील कुंडे उजाड केली, अशी खंत गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ मध्ये व्यक्त केली.

पाणी बनविता आले, तरी ते टिकत नसे. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनाच्या टाक्यांतील पाण्याच्या कितीतरी पट पाणी अंधाऱ्या तळटाकीत ठेवून ते सतत फिरते ठेवले. याने पाणी का सुधारते, याचा उलगडा १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की (१८५६–१९५३) यांच्या नायट्रीकरणावरील संशोधनाने झाला. मलमूत्रातील अमोनियाचे सूक्ष्मजंतू प्रथम नायट्राइटात व नंतर पुष्कळच कमी विषारी अशा नायट्रेटात रूपांतर करतात. १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी प्रवाळखडकाचे सजीवयुक्त तुकडे व केवळ हवेचे बुडबुडे यांवर घरगुती टाकी चालविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच दशकात अमेरिकेत तयार समुद्री क्षारमिश्रण विक्रीस आले.

भारतात मद्रास येथे १९०९ मध्ये पहिले सागरी जलजीवालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला जलजीवालय १९५१ मधील, तर रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ मधील आहे. ही सर्व समुद्राकाठची ठिकाणे असल्याने कोल्हापूरच्या गृहस्थाच्या अडचणी त्यांना नव्हत्या.

कोल्हापुरात प्रथमच मोठी टाकी मांडणाऱ्यास १५० × ६० × ६० सेंमी. मापाचे पात्र घेतल्यास सुमारे ५४० लि. पाणी लागते. काच, बैठक व दगड धरून हा भार ७०० किग्रॅ. हून अधिक होतो; जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर तो ठेवू नये. दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅ. या हिशेबाने १९ किग्रॅ. क्षार लागतात. बाजारातील मीठ येथे चालत नाही. मिठागरात मीठ जमल्यावर मॅग्नेशियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार उरलेल्या कडू द्रवात राहून जातात आणि सागरी प्राण्यांना तेही हवे असतात. पाण्याचे वि. गु. १·०२५ च्या आसपास ठेवतात. बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार जात नाहीत. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरतात. मार्च ते मेमधील कोरड्या हवेत ही तूट मोठी असते. पाणी भरताच मासे सोडणे ही नवशिक्याची नेहमीची घाई होय. सूक्ष्मजंतूंची वाढ पुरी होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया व नायट्राइट साचून मासे मरतात.

वीज खंडित होणे हा त्याहून मोठा धोका होय. एकाच तापमानास खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश कमी ऑक्सिजन विरघळतो व तो लवकर संपतो. ऑगस्ट २०१९ मधील पंचगंगेच्या महापुरात शहराच्या अनेक भागांत वीज व नळाचे पाणी दोन्ही बंद पडले होते. यासाठी बॅटरीवर चालणारा हवापंप व पुरेसा क्षारसाठा आधीपासूनच ठेवावा लागतो.

ली यांची रीत भारतात जशीच्या तशी अनुसरता येत नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक रचणारे प्रवाळ, समुद्रव्यजने, घोडामासा इत्यादींचा समावेश झाला. त्यामुळे मालवणच्या समुद्रातून सजीव प्रवाळखडक आणणे हा गुन्हा आहे. त्याऐवजी कोरडा सच्छिद्र चुनखडक किंवा मातीची भाजलेली नळकांडी वापरतात. सूक्ष्मजंतू त्यांवरही वाढतात. माशांपैकी विदूषक मासा बंदिवासात अंडी घालतो. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र बसविले असून नवी मुंबईतील ऐरोली येथेही त्याची पैदास झाली आहे. सुमारे ८ ते १० सेंमी. वाढणारा हा मासा टाकीत समुद्रपुष्पावाचूनही राहू शकतो.